पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक अपेक्षेला उतरतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल आला की अमेरिकेतली मराठी मंडळी आणि सोमवारी पहाटे पाचला गजर लावून सुपर बोल बघणारे पुण्या-मुंबईतले मित्र साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा खटाटोप. विषय एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा. सुपर बोल हा तिचा अंतिम सामना, ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातले नवे खेळाडू संघांनी निवडून घेणं, आणि क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू. हिशोब २०२५ च्या ड्राफ्टपर्यंतचा आहे.

ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलच्या लिलावासारखाच प्रकार ना?

नाही. लिलावात बोली लागते, ड्राफ्टमध्ये रांग असते. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत आणि ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. मागच्या मोसमात जो संघ तळाला राहिला तो रांगेत पहिला, सुपर बोल जिंकणारा शेवटचा. कॉलेज फुटबॉलमधून आलेल्या पोराला तू कुठे जाणार, असं कुणी विचारत नाही. ज्याने नाव पुकारलं त्याच्याकडे जायचं. संघांना आपापसांत नंबरांची अदलाबदल करता येते, पण पैसे मोजून नव्हे, तर पुढच्या फेऱ्यांचे किंवा पुढच्या वर्षांचे नंबर देऊन, नाहीतर खेळाडू देऊन.

ही उलटी रांग नीट लक्षात ठेवा. खालची निम्मी उत्तरं तिच्यातच दडलेली आहेत.

पहिला नंबर मिळाला की सगळे क्वार्टरबॅकच का उचलतात?

कारण आक्रमणाचा जवळपास प्रत्येक चेंडू त्याच्या हातातून जातो. चेंडू फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः पळायचं, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. बाकी कुठल्याही जागेवर मध्यम खेळाडू असला तरी निभावून नेता येतं, इथे नाही. म्हणून १९९८ ते २०२५ या २८ ड्राफ्टमध्ये पहिलं नाव २१ वेळा क्वार्टरबॅकचं होतं.

फिरवून सांगू नका. त्या २१ पैकी किती जण चालले?

‘चालले’ म्हणजे काय, यावर उत्तर अवलंबून आहे. सुरुवातीपासून मैदानात उतरून संघाला सुपर बोल जिंकून देणं हीच कसोटी धरली तर तीनच नावं उरतात: पेटन मॅनिंग, त्याचा धाकटा भाऊ एली मॅनिंग आणि मॅथ्यू स्टॅफर्ड. त्यातही ज्या संघाने नाव पुकारलं त्याच संघासाठी जिंकणारा एकटा पेटन. एलीचं नाव सॅन डिएगोने पुकारलं आणि तो जिंकला न्यूयॉर्क जायंट्सकडून. स्टॅफर्ड डेट्रॉइटमध्ये बारा वर्षं राबला आणि करंडक उचलला लॉस एंजेलिसला जाऊन.

कसोटी थोडी सैल करून अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेले मोजले, तर कॅम न्यूटन, जेरेड गॉफ आणि जो बरो धरून सहा होतात. आणखी सैल केली, म्हणजे दहा वर्षं टिकून इमाने इतबारे खेळला का असं विचारलं, तर कार्सन पामर, ॲलेक्स स्मिथ असे बरेच जण आत येतात. साफ फसलेला म्हणावा असा जमार्कस रसेल. २००७ मध्ये ऑकलंड रेडर्सने त्याला घेतलं. कराराच्या घासाघिशीत तो सरावाला सप्टेंबरात उगवला. पुढच्या तीन मोसमांत २५ सामने त्याने सुरू केले (म्हणजे सुरुवातीपासून तो मैदानात होता), जिंकले ७. चोविसाव्या वर्षी संघाने नारळ दिला आणि पुन्हा एनएफएलमध्ये तो एकही सामना खेळला नाही.

माझं मत विचाराल तर लोकांची अपेक्षाच मुळात अवाजवी असते. एका वर्षी सुपर बोल एकच संघ जिंकतो आणि त्यातले बरेच पॅट्रिक महोम्स आणि टॉम ब्रेडी हे पहिल्या नंबरवर न निवडलेले दोन क्वार्टरबॅक घेऊन गेले. पहिल्या नंबरच्या पोराकडून ‘दहा वर्षं चांगला क्वार्टरबॅक’ एवढं मागितलं तर निकाल इतका वाईट दिसत नाही.

मॅनिंग आणि लीफची गोष्ट सगळे सांगतात. तेव्हा नेमकं काय घडलं?

१९९८ मध्ये दोन नावांवर वाद होता: टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ. लीफचा हात जास्त ताकदीचा, असं म्हणणारे जाणकार त्या वेळी भरपूर होते. इंडियानापोलिस कोल्ट्सने मॅनिंगला घेतलं. सॅन डिएगो चार्जर्सचा नंबर तिसरा होता. एक पायरी वर चढायला त्यांनी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा नंबर, शिवाय दुसऱ्या फेरीचा नंबर आणि दोन खेळाडू दिले आणि लीफला घेतलं.

गंमत अशी, की पहिल्या वर्षी मॅनिंगचेही हाल झाले. २८ इंटरसेप्शन, म्हणजे २८ वेळा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात. नवख्याच्या नावावर इतकी कधी लागली नव्हती. संघ १६ पैकी ३ सामने जिंकला. लीफने पहिले दोन सामने जिंकले होते, मग तिसऱ्यात कॅन्सस सिटीविरुद्ध त्याच्या १५ पासांपैकी एकच पोहोचला, चार यार्डांचा. तिथून जी घसरण लागली ती थांबलीच नाही. पत्रकारांवर खेकसणं, सहकाऱ्यांशी वाद, दुखापती. संपूर्ण कारकिर्दीत १४ टचडाउन (ज्यांवर थेट गुण मिळाले असे पास) आणि ३६ इंटरसेप्शन. मॅनिंगने दुसऱ्याच मोसमात ३-१३ (३ विजय, १३ पराभव) चं १३-३ केलं.

पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून दोघांतला फरक ओळखणं अवघडच होतं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, क्वार्टरबॅकचे फारसे दिसत नाहीत. टेरी ब्रॅडशॉ १९७० चा पहिला नंबर. पदार्पणाच्या मोसमात ६ टचडाउन, २४ इंटरसेप्शन. पुढे पिट्सबर्गला चार सुपर बोल मिळवून देणारा तो हाच.

खेळाडू हेरणारे एवढे स्काउट, एवढ्या चाचण्या, तरी घोडं कुठे पेंड खातं?

फेब्रुवारीअखेरीस इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ भरतं. उंची, वजन, पंजाची लांबी मोजतात, ४० यार्ड पळवतात, उड्या मारायला लावतात. बुद्धीची परीक्षा म्हणून वंडरलिक नावाची १२ मिनिटांत ५० प्रश्नांची चाचणी कित्येक वर्षं घेत होते. टॉम ब्रेडीला ते ४० यार्ड पळायला ५.२८ सेकंद लागले होते. त्याचा तो चड्डीतला फोटो आजही लोक हसून दाखवतात.

जे मोजता येत नाही तेच इथे लागतं. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर येत असताना नजर लांबच्या सहकाऱ्यावर ठेवायची, पहिला मोकळा नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा बघायचा, आणि तो मोकळा होण्याच्या आधी चेंडू सोडायचा. कॉलेजात बलाढ्य संघाच्या क्वार्टरबॅकवर ही वेळ फार कमी येते. त्याचे सहकारी इतके सरस असतात की पहिलाच मोकळा सापडतो.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर (पुढे २०१७ चं नोबेल मिळालेले) आणि केड मॅसी यांनी ड्राफ्टचा अभ्यास केला होता. एकाच जागेवर खेळणाऱ्यांपैकी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच पुढच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांना ५२ टक्क्यांच्या आसपास आढळली. नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं. संघांना मात्र दर वेळी वाटतं की आपल्याला पक्कं कळलंय.

२०१८ घ्या. पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: बेकर मेफील्ड पहिला, सॅम डार्नल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, जॉश रोझेन दहावा, लमार जॅक्सन बत्तिसावा. यातले एमव्हीपी, म्हणजे मोसमातले सर्वोत्तम खेळाडू, कोण झाले? सातवा आणि बत्तिसावा. दहाव्या रोझेनला ॲरिझोनाने वर्षभरात काढून टाकलं आणि पुढच्या ड्राफ्टचा पहिला नंबर कायलर मरेवर लावला.

दोष पोराचा की संघाचा?

मला विचाराल तर आधी संघाकडे बघा.

डेव्हिड कार २००२ चा पहिला नंबर. ह्यूस्टन टेक्सन्स हा संघ त्याच वर्षी जन्माला आला होता. क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत बनून उभे राहायचं ते पाच लाइनमन, आणि ती भिंतच नव्हती. त्या एका मोसमात कारला ७६ वेळा जमिनीवर आपटलं, एनएफएलचा विक्रम. १६ सामने, म्हणजे दर सामन्याला जवळपास पाच वेळा. असा मार खाल्लेला माणूस पुढे भिंत नीट असली तरी दचकूनच खेळतो, पाय स्थिर होण्याआधी चेंडू सोडून देतो. टिम काउच (१९९९) याचंही थोड्याफार फरकाने तेच. क्लीव्हलँडचा संघ त्या वर्षी नव्याने उभा राहत होता.

ॲलेक्स स्मिथचा प्रकार वेगळा. २००५ चा पहिला नंबर, सॅन फ्रान्सिस्को. पहिल्या मोसमात १ टचडाउन आणि ११ इंटरसेप्शन. मग पहिल्या सात मोसमांत आक्रमणाचे सात प्रशिक्षक बदलले. प्रत्येक प्रशिक्षकाची भाषा वेगळी असते, त्याच चालीचं नाव वेगळं, पाय किती टाकायचे ते वेगळं. दर वर्षी नवी पाटी. जिम हारबॉ २०११ ला मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि त्याच स्मिथने संघाला १३ सामने जिंकून दिले. तोवर लोकांनी त्याला ‘वाया गेलेला’ ठरवून टाकलं होतं.

उलट बाजूने ट्रॉय एकमन बघा. १९८९ ला डॅलसचा पहिला नंबर. पहिल्या वर्षी त्याने ११ सामने सुरू केले आणि अकराही हरला, संघ १-१५. पण त्याच मोसमात डॅलसने हर्शेल वॉकर या आपल्या एकमेव मोठ्या खेळाडूला मिनेसोटाला देऊन ड्राफ्टचे नंबर गोळा केले आणि त्या भांडवलावर एमिट स्मिथसकट अख्खा संघ उभा केला. एकमनच्या नावावर तीन सुपर बोल आहेत. वॉकरचा सौदा झाला नसता तर? मला वाटतं, एकमनचं नाव कारच्या शेजारी असतं.

जो बरोसारखा एखादा मार खाऊनही जिंकतो, हे खरं. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसीविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात तो नऊ वेळा आडवा झाला आणि सिनसिनाटी तरीही जिंकली. पण अशा माणसावर धोरण बेतायचं नसतं.

मग टॉम ब्रेडी १९९ व्या नंबरवर मिळाला होताच की. पहिला नंबर हवा कशाला?

हा युक्तिवाद ऐकायला झकास आहे. ब्रेडी २००० च्या सहाव्या फेरीतला, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले. जो मोंटाना ८२ वा. कर्ट वॉर्नरला तर कुणीच निवडलं नव्हतं, आयोवात किराणा दुकानात माल लावत होता. ब्रॉक पर्डी २०२२ चा अगदी शेवटचा, २६२ वा, आणि दुसऱ्या मोसमात सुपर बोलमध्ये.

ही नावं पाठ आहेत कारण ती मोजकी आहेत. सहाव्या-सातव्या फेरीत निवडलेले आणि एकही सामना सुरू न करता घरी गेलेले क्वार्टरबॅक कुणाला आठवतात? न्यू इंग्लंडला ब्रेडी कोण आहे हे ठाऊक असतं तर तेही १९९ पर्यंत थांबले नसते.

वर सरकण्यासाठी संघ भविष्य गहाण टाकतात. ते परवडतं का?

बहुतेकदा नाही, आणि इथे माझी सहानुभूती संघाला शून्य.

२०१७ मध्ये शिकागो बेअर्स तिसऱ्या नंबरवर होते. केवळ एक पायरी चढायला त्यांनी तीन जादा नंबर दिले आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. दहाव्या नंबरवर कॅन्सस सिटीने महोम्सला उचललं. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने बाराव्यावरून तिसऱ्यावर येण्यासाठी पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे नंबर देऊन टाकले. कुणासाठी? ट्रे लान्स. तो त्यांच्यासाठी चार सामने सुरू करू शकला, घोटा मोडला, आणि २०२३ ला चौथ्या फेरीच्या एका नंबरावर डॅलसला गेला. शेवटचा पर्डी हाताशी लागला म्हणून अब्रू वाचली.

सगळ्यांत झोंबणारा सौदा कॅरोलायनाचा. २०२३ ला ब्राइस यंगसाठी त्यांनी शिकागोला नववा नंबर, दुसऱ्या फेरीचे दोन नंबर, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा नंबर आणि वर डी. जे. मूर हा आपला सर्वांत चांगला रिसीव्हर दिला. म्हणजे नव्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकायचा ज्याच्याकडे, तोच विकला! कॅरोलायना त्या मोसमात २-१५ ने तळाला गेली, त्यामुळे २०२४ चा पहिला नंबर त्यांचा झाला असता. तो शिकागोने वापरला आणि केलेब विल्यम्स घेतला. दरम्यान २०२३ ला दुसऱ्या नंबरवर गेलेला सी. जे. स्ट्राउड ह्यूस्टनला पहिल्याच वर्षी बाद फेरीत घेऊन गेला.

फसला तर संघ पैशाने बुडतो का?

पूर्वी बुडायचा. २०१० ला सॅम ब्रॅडफर्डला एकही सामना खेळण्याआधी सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरपर्यंतचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमीचे. जुने खेळाडूही वैतागले. २०११ च्या कामगार करारात नवख्यांचे पगार बांधून टाकले आणि त्या वर्षीच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २.२ कोटी मिळाले.

परिणाम दुहेरी झाला. चांगला क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतो त्या चार वर्षांत बाकी संघ विकत घेता येतो, म्हणून पहिला नंबर अधिकच मोलाचा झाला. आणि फसला तर फेकून देणं सोपं झालं. रोझेनला एका वर्षात निरोप मिळाला तो त्यामुळेच.

पहिल्याच वर्षी मैदानात उतरवावं की बसवून शिकवावं?

ॲरन रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फार्व्हच्या मागे बसला. महोम्स एक वर्ष बसला, आणि कुणाच्या मागे, तर त्याच ॲलेक्स स्मिथच्या. पुढच्याच मोसमात महोम्सने ५० टचडाउन फेकले. पण रॉजर्स २४ वा आणि महोम्स दहावा. त्यांच्या संघांत आधीच चांगला क्वार्टरबॅक होता, म्हणून थांबणं परवडलं. तळाच्या संघाकडे मागे बसवायला पुढे कुणी नसतंच. प्रेक्षक आणि मालक दोघेही ऑक्टोबरपर्यंत ओरडायला लागतात.

एका संघाने टाकलेला दुसरीकडे उभा राहतो का?

हल्ली फार वेळा. डार्नल्ड न्यूयॉर्क जेट्समध्ये हसण्याचा विषय होता, २०२४ ला त्याच्यासोबत मिनेसोटाने १७ पैकी १४ सामने जिंकले. मेफील्डला क्लीव्हलँडने वाऱ्यावर सोडलं, टॅम्पा बेमध्ये त्याने २०२४ ला ४१ टचडाउन फेकले. ही तऱ्हा जुनीच आहे. १९७१ चा पहिला नंबर जिम प्लंकेट न्यू इंग्लंडमध्ये मार खाऊन निघाला आणि रेडर्सकडून दोन सुपर बोल जिंकला.

पण माझा आवडता दाखला गॉफ आणि स्टॅफर्डचा. गॉफ २०१६ चा लॉस एंजेलिस रॅम्सचा पहिला नंबर, पहिल्या वर्षी सुरू केलेले सातही सामने हरला. मग तिशीतला शॉन मॅकव्हे प्रशिक्षक म्हणून आला आणि दोन वर्षांत गॉफ सुपर बोलमध्ये होता. तिथे हरला, मॅकव्हेचा विश्वास उडाला. २०२१ ला रॅम्सने गॉफ आणि वर ड्राफ्टचे नंबर देऊन डेट्रॉइटकडून स्टॅफर्ड घेतला. दोन पहिल्या नंबरवाल्यांची सरळ अदलाबदल. स्टॅफर्डने पहिल्याच मोसमात सुपर बोल जिंकला. गॉफला सगळे ‘सौद्यातला भार’ म्हणत होते. जानेवारी २०२४ मध्ये स्टॅफर्डचे रॅम्स बाद फेरीसाठी डेट्रॉइटलाच आले. गॉफचा संघ २४-२३ ने जिंकला. डेट्रॉइटचा बाद फेरीतला हा जानेवारी १९९२ नंतरचा पहिला विजय. स्टॅफर्डला बारा वर्षांत त्या गावासाठी जे जमलं नाही, ते त्याच्या बदल्यात आलेल्याने त्याच्याच समोर केलं.

पोराला नको असलेल्या संघाला नाही म्हणता येतं का?

म्हणता येतं, पण धमक लागते. जॉन एल्वेने १९८३ ला बाल्टिमोरसाठी खेळणार नाही, वेळ आली तर बेसबॉल खेळेन, असं सांगितलं. आठवडाभरात तो डेन्व्हरला गेला. एली मॅनिंगने २००४ ला सॅन डिएगोला तेच ऐकवलं. तेव्हा दोघांनाही उर्मट ठरवलं गेलं. दोघांनीही पुढे दोन-दोन सुपर बोल जिंकले. मला तरी त्यांचा हिशोब पटतो.

आणि दुखापती?

त्यापुढे सगळे अंदाज फोल. अँड्र्यू लक २०१२ चा पहिला, रॉबर्ट ग्रिफिन दुसरा. ग्रिफिन पहिल्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा ठरला आणि त्याच मोसमाच्या बाद फेरीत गुडघा गेला, पुन्हा तसा पळाला नाही. लकने २०१९ च्या ऑगस्टमध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, आता हे दुखणं सोसत नाही म्हणून निवृत्ती घेतली. बातमी सामना चालू असतानाच फुटली आणि घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. या दोघांना ‘अपेक्षेला न उतरलेले’ म्हणू नये, एवढंच म्हणेन.

यंदाचा पहिला नंबर चालेल का, हे ओळखायला काय बघू?

त्याच्या कॉलेजच्या चित्रफिती बघण्यात वेळ घालवू नका, त्या सगळ्यांच्याच छान असतात. पाच लाइनमन कोण आहेत ते बघा. मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची पक्की आहे का? नसेल तर वर्षभरात नवा प्रशिक्षक येईल, आणि त्याला बहुतेक स्वतःचा क्वार्टरबॅक हवा असेल. पहिल्या मोसमाचे आकडे सोडून द्या, दुसऱ्यात इंटरसेप्शन कमी झाली का ते तपासा.

तिसऱ्या मोसमानंतर संघाला ठरवावं लागतं, की करारातलं पाचवं वर्ष घ्यायचं का. पहिल्या फेरीतल्या खेळाडूंनाच ही तरतूद असते. नाही म्हटलं तर सहसा सामान बांधायची वेळ आली असं समजावं. सहसा म्हणतो, कारण न्यू जर्सीतल्या जायंट्सप्रेमींना डॅनियल जोन्स आठवत असेल. २०१९ चा सहावा नंबर. २०२२ ला संघाने त्याचं पाचवं वर्ष नाकारलं, त्याने त्या मोसमात बाद फेरीतला एक सामना जिंकून दिला, मग त्याच संघाने त्याला चार वर्षांसाठी १६ कोटी डॉलर दिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मोकळं केलं.